बटण दाबल्यावर आधी कोण उठतं? एका बंद मदरबोर्डाच्या नोंदी

४ जून

काम ठरलं. माळ्यावर पडून असलेला बंद मदरबोर्ड (कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) खाली काढायचा, त्याच्यावरचा एकेक भाग ओळखून कागदावर नकाशा काढायचा, आणि जमलं तर बोर्ड चालू करायचा. दुसरं जमेलच असं नाही. पहिलं न जमायला काही कारण नाही.

बोर्डाची कुंडली: एक बाजू २४४ मिमी, दुसरी त्याहून कमी, म्हणजे मायक्रो एटीएक्स या छोट्या मापाच्या घरातला पण अरुंद केलेला. (पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिमीचा असतो.) सॉकेट (सीपीयूची बैठक) एलजीए ११५५, चिपसेट (सीपीयूच्या मदतनीस चिपा) एच६१, साधारण २०११ च्या पिढीचा. डीडीआर३ रॅमचे दोन स्लॉट. सीपीयू आय३-२१००, त्याच्यावर धुळीने भरलेला पंखा.

तक्रार: बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभर थांबलं की पुन्हा तेवढाच अर्धा फेरा.

५ जून

नकाशाचा पहिला प्रयत्न. बोर्डाचा फोटो छापून घेतला आणि लाल पेनाने नावं लिहीत गेले. सीपीयूचं सॉकेट, रॅमचे स्लॉट, पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डं लावायचे स्लॉट), साटाची (डिस्क जोडायची) चार तोंडं, २४ पिनांचा मोठा कनेक्टर, सॉकेटशेजारचा ४ पिनांचा छोटा, बटन सेल, मागच्या कडेची यूएसबी-लॅन-ऑडिओची रांग. तासाभरात कागद भरला आणि कळलं काहीच नाही. शाळेत नकाशा भरायचो तसं झालं. नद्यांची नावं पाठ, पाणी कुठून कुठे वाहतं ते मात्र विचारू नका.

एक चूकही झाली. मधल्या हीटसिंकखालच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालच्या) चिपला मी ‘नॉर्थब्रिज’ लिहिलं. या बोर्डावर नॉर्थब्रिज नाहीच. जुन्या रचनेत दोन चिपा असायच्या. सीपीयूजवळची नॉर्थब्रिज रॅम आणि ग्राफिक्स सांभाळायची, लांबची साउथब्रिज डिस्क, यूएसबी, आवाज अशी जरा संथ मंडळी. मग रॅमचा कंट्रोलर सीपीयूच्या पोटात गेला (एएमडीने ते २००३ मध्ये केलं, इंटेलने २००८ मध्ये), पाठोपाठ ग्राफिक्स कार्डाच्या लेनही (डेटाच्या वाटा) आत गेल्या, आणि नॉर्थब्रिजला काही कामच उरलं नाही. उरली ती एक चिप, इंटेलच्या भाषेत पीसीएच. माझ्या हीटसिंकखाली तीच आहे. नाव खोडलं.

धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “ताई, बोर्ड बंद असताना बटण दाबलेलं त्याला कळतं कसं? तो तर झोपलेला असतो ना?”

उत्तर देता आलं नाही. रात्रभर डोक्यात तेच. लाल पेनाच्या नकाशात या प्रश्नाला जागाच नाही. तेव्हा नकाशा पुन्हा काढायचा, पण या वेळी बटण दाबल्यावर जो भाग आधी उठतो तो आधी. पंखा अर्ध्या फेऱ्यात का थांबतो तेही बहुधा याच वाटेवर सापडेल.

६ जून

धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर जांभळ्या तारेत आहे.

एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, भिंतीवरून वीज मिळाली की, बटण दाबलेलं असो वा नसो, २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट येतात. स्टँडबाय म्हणतात त्याला. मोजले: ५.०८. बाकीच्या तारा, म्हणजे पिवळी (१२), लाल (५), नारिंगी (३.३), सगळ्या शून्यावर. जांभळ्या ५ व्होल्टांपासून बोर्डावरचा एक छोटा रेग्युलेटर ३.३ व्होल्ट तयार करतो. हेही मोजले, आहेत. या तुटपुंज्या विजेवर दोन जण जागे राहतात: पीसीएचचा एक कोपरा, आणि बोर्डाच्या कडेला बसलेली सुपर आयओ नावाची चौकोनी चिप.

या सुपर आयओकडे कुणी बघत नाही. जुन्या कीबोर्ड-माउसची गोल तोंडं, सिरियल पोर्ट, पंख्यांचे वेग, तापमान, व्होल्टेजची नोंद, असली कारकुनी कामं तिच्याकडे. पण रात्रपाळीही तिचीच. बटणाच्या दोन तारा आधी तिच्याकडे जातात. बटण दाबलं की ती पीसीएचला उठवते, पीसीएच ‘हो’ म्हणतो, मग सुपर आयओ २४ पिनांतली हिरवी तार ग्राउंडला (शून्य व्होल्टांना) ओढते. हिरवी तार खाली गेली की एसएमपीएस मोठ्या तारा सोडतो.

धाकट्याला सांगितलं: बोर्ड झोपलेला नसतो, पहारेकरी जागा असतो. त्याने लगेच विचारलं की मग बोर्डावर काम करताना नुसता कॉम्प्युटर बंद करून चालेल का. चालणार नाही. भिंतीवरूनच काढायचं. रॅम बदलताना ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे आणि दोन्ही वेळा नशिबाने वाचले.

८ जून

सेल. सीआर२०३२, म्हणजे २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, ३ व्होल्ट. मोजला तर २.१. बदलला. दोषाशी याचा संबंध नाही हे माहीत होतं, कारण स्टँडबाय असेल तेव्हा घड्याळ त्याच्यावरच चालतं, सेल नुसता बसून असतो. पण मेलेला सेल ठेवून तपासणी करायची नाही, हा माझा नियम.

सेलच्या जवळ एक चिमुकली चंदेरी नळी आडवी झोपलेली आहे. ते घड्याळाचं स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ ठोके. विचित्र आकडा वाटतो, पण तो २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मे करत गेलं की बरोबर एक ठोका दर सेकंदाला. हे स्फटिक नुसतं तारीख-वेळेसाठी असतं असं मी समजत होते. तसं नाही. इंटेलच्या या पिढीत पीसीएचला जागं व्हायलाच हे ठोके लागतात. हे बंद पडलं तर बटण दाबून दाबून बोट दुखेल.

९ जून

आज हिरवी तार.

मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल हिरव्या तारेच्या मागून आत सरकवला. बटण दाबायच्या आधी तारेवर व्होल्टेज आहे. दाबताच शून्य. म्हणजे बटण, सुपर आयओ, पीसीएच, पुन्हा सुपर आयओ, ही सगळी फेरी नीट पार पडली. अर्धा बोर्ड जिवंत आहे! मला वाटत होतं त्यापेक्षा बरीच चांगली बातमी.

मग एसएमपीएस उठतो आणि लगेच माघार घेतो. करड्या तारेवर, जी एसएमपीएसकडून ‘सगळे व्होल्टेज स्थिर झाले’ असं सांगते, काहीच येत नाही. एखाद्या वाटेवर शॉर्ट (वीज मधेच थेट ग्राउंडला जाणं) असला की एसएमपीएस स्वतःला असाच कुलूप लावून घेतो आणि भिंतीवरची वीज काढेपर्यंत उघडत नाही. तक्रारीतला तो ‘मिनिटभर थांबलं की पुन्हा’ आता समजला. एसएमपीएसवर संशय नको म्हणून तो दुसऱ्या मशीनला लावून पाहिला. ठणठणीत.

सॉकेटजवळचा ४ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. फिरतच राहिला.

हे फार उपयोगी आहे. ४ पिनांच्या त्या कनेक्टरमधून येणारे १२ व्होल्ट फक्त सीपीयूच्या वीजपुरवठ्याला जातात. या बोर्डावर २४ पिनांतल्या १२ व्होल्टांशी त्यांची गाठ नाही. तेव्हा शॉर्ट सीपीयूच्या वीजघरातच आहे. शोधाचं मैदान एका हातरुमालाएवढं झालं.

११ जून

वीजघर म्हणजे व्हीआरएम. यावर जास्त वेळ घालवला, कारण पहिल्या नकाशात मी इथे फक्त ‘चोक, कपॅसिटर’ (तारेची वेटोळी आणि वीज साठवणारे भाग) लिहून मोकळी झाले होते.

आय३-२१०० ची मर्यादा ६५ वॅटची. समजा त्याला १.१ व्होल्ट हवेत, तर ६५ भागिले १.१, जवळजवळ ६० अँपिअर. एवढा प्रवाह एसएमपीएसपासून तारेने आणायचा तर तार अंगठ्याएवढी लागेल, आणि वाटेत एक मिलिओहम जरी रोध आला तरी साडेतीन वॅटच्या वर उष्णता वाया. म्हणून वीज १२ व्होल्टांनी आणतात, साडेपाच-सहा अँपिअरमध्ये काम भागतं, आणि सॉकेटच्या अगदी उंबऱ्यावर तिचं १.१ व्होल्टात रूपांतर करतात. चोक सॉकेटला चिकटून का बसवलेले असतात, त्याचं कारण हे.

रूपांतर होतं ते असं. दोन मॉसफेट, म्हणजे विजेवर चालणारे दोन स्विच, एकावर एक. वरचा १२ व्होल्टांना जोडलेला, खालचा ग्राउंडला. वरचा क्षणभर उघडतो (वीज जाऊ देतो), मग बंद. खालचा उघडतो, मग बंद. सेकंदाला काही लाख वेळा. दोघांच्या मधून निघणारा हा धक्काबुक्कीचा प्रवाह चोकमधून जातो. चोकला प्रवाहात अचानक झालेला बदल मानवत नाही, तो धक्के पोटात घेतो. पुढचे कपॅसिटर उरलेली लाट सपाट करतात. वरचा किती वेळ उघडा ठेवायचा हे एक कंट्रोलर चिप ठरवते, आणि नेमके किती व्होल्ट हवेत ते खुद्द सीपीयू त्या चिपला सतत सांगत असतो. असे तीन संच सीपीयूच्या कोअरसाठी, चौथा त्याच्या पोटातल्या ग्राफिक्ससाठी. तीन संच आळीपाळीने चालतात, म्हणजे एकावर सगळा भार येत नाही.

सीपीयू काढला. (काढला नाही तर मोजमाप फसवं येतं. सीपीयू बसलेला असताना कोअरच्या वाटेवर अवघे काही ओहम दिसतात आणि माणूस उगाच शॉर्ट समजून बसतो.)

मोजमाप, वीज पूर्ण काढून:
१२ व्होल्ट ते ग्राउंड: ०.५ ओहम. प्रोबचे स्वतःचेच ०.३. पक्का शॉर्ट.
चोक ते ग्राउंड: १७० ओहमच्या आसपास.
१२ व्होल्ट ते चोक: तेवढेच, १७०.

या तीन ओळींवर अर्धा तास बसले होते. वरचा मॉसफेट जळून आरपार झाला असता तर १२ व्होल्ट आणि चोक एक झाले असते, तिसऱ्या ओळीत शून्य दिसलं असतं. खालचा जळला असता तर दुसऱ्या ओळीत शून्य. दोन्ही तसे नाहीत. तिसरा आकडा दुसऱ्याइतकाच का, तर १२ व्होल्टांची वाट आधीच ग्राउंडला चिकटली आहे, म्हणून मी खरं तर पुन्हा चोक ते ग्राउंडच मोजत होते. म्हणजे मॉसफेट बरे आहेत. आणि वरचा मॉसफेट बरा आहे म्हणजे सीपीयूला कधी १२ व्होल्टांचा दणका बसलेला नाही. तो वाचला असावा.

मग शॉर्ट कशात? १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये थेट बसलेलं दुसरं काय आहे? इनपुटचे कपॅसिटर. तीन मोठे उभे डबे, आणि मॉसफेटच्या पायाशी तांदळाच्या कणीएवढे तपकिरी सिरॅमिक, मोजले तर नऊ.

१२ जून

उभे डबे वरवर बघून सोडले. ते घन पॉलिमरचे आहेत, माथे सपाट. जुन्या द्रव इलेक्ट्रोलाइटच्या डब्यांचे माथे फुगायचे. १९९९ पासून पुढची काही वर्षं वाईट इलेक्ट्रोलाइटमुळे जगभर असे डबे फुगून बोर्ड गेले, आणि त्यानंतर बोर्ड बनवणारे घन कपॅसिटरांकडे वळले. सिरॅमिक फुगत नाही. ते तडकतं, आणि तडकलं की बऱ्याचदा आतल्या आत शॉर्ट होतं. बाहेरून दिसत नाही.

नऊ कण्या एकेक उचलून बघायच्या नव्हत्या. बेंच पॉवर सप्लाय १ व्होल्टवर लावला, प्रवाहाची मर्यादा ३ अँपिअर, आणि तो ४ पिनांच्या कनेक्टरला जोडला. १ व्होल्टने तिथलं काही बिघडत नाही, सीपीयूही काढलेला आहे. बोर्डाच्या त्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं, पातळ थर. सगळा प्रवाह शॉर्टमधूनच जाणार, तिथेच गरम होणार, तिथलं अल्कोहोल आधी उडणार. धाकट्याच्या हातात टॉर्च.

“ते बघ, ते सुकलं!” मला दिसायच्या आत त्याला दिसलं. सॉकेटच्या कोपऱ्यातल्या भोकाशेजारची कणी. भोवती सगळं ओलं, ती एकटी कोरडी.

ते भोक सीपीयूच्या पंख्याची खुंटी बसवायचं आहे. या पंख्याच्या चार खुंट्या दाबून बसवाव्या लागतात आणि दाबताना बोर्ड खाली वाकतो. कुणीतरी कधीतरी जोर लावला, बोर्ड वाकला, शेजारची ठिसूळ कणी तडकली. माझी समजूत अशी आहे, पुरावा एवढाच की भोकाच्या इतक्या जवळ दुसरी कणी नाही. विजेच्या वीजघरातला दोष अंगठ्याच्या जोराने झालेला निघावा, ही गंमत.

हॉट एअरने कणी उचलली. पुन्हा मोजलं: शॉर्ट गेला.

१४ जून

कणी न लावताही बोर्ड बहुधा चालला असता, आठ उरल्या आहेत. पण अर्धवट ठेवायचं नाही. अडचण अशी की सिरॅमिक कपॅसिटरवर काहीही छापलेलं नसतं, ना किंमत ना व्होल्टेज. उपाय: दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून अशीच कणी काढायची, तीसुद्धा नेमकी १२ व्होल्टांच्या इनपुटवरूनच. तिथे होती म्हणजे १२ व्होल्ट सोसत होती.

दाता बोर्ड एलजीए ७७५ सॉकेटचा, चिपसेट जी४१. काम पाच मिनिटांचं, पण बघत दोन तास बसले, कारण हा जुन्या घराण्यातला. दोन हीटसिंक, नॉर्थब्रिज सीपीयू आणि रॅमच्या बरोबर मध्ये. रॅमकडे जायचं तर सीपीयूला हिच्या दारातूनच जावं लागायचं. पांढरा पीसीआय स्लॉट: ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सगळ्या कार्डांत मिळून सेकंदाला १३३ मेगाबाइट. माझ्या बोर्डावरचा सगळ्यात छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉटही, दुसऱ्या पिढीची एकच लेन, एकेका दिशेला ५०० देतो, आणि ती लेन त्याची एकट्याची. जुनी वाट म्हणजे एकच रस्ता आणि सगळे हॉर्न वाजवतायत.

या बोर्डावर ठोके देणारी वेगळी चिप आहे आणि तिच्याजवळ १४.३१८ मेगाहर्ट्झचं स्फटिक. हा आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीकडून आलाय, रंगाच्या संकेताच्या चौपट. १९८१ च्या आयबीएम पीसीने तोच घेतला, तिनाने भागून ४.७७ मेगाहर्ट्झवर आपला प्रोसेसर चालवला, आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं हे स्फटिक बोर्डांवर ठाण मांडून होतं. माझ्या बोर्डावर ते नाही. तिथे २५ मेगाहर्ट्झचं स्फटिक आहे, आणि ठोके बनवण्याचं काम पीसीएचने स्वतःकडे घेतलंय. सीपीयूला तिथून १०० मेगाहर्ट्झ मिळतात, तो आत ३१ ने गुणून ३.१ गिगाहर्ट्झ करतो.

१५ जून

कणी बसवली. पहिल्यांदा तिरकी बसली, फ्लक्स लावून पुन्हा.

सीपीयूशिवाय, रॅमशिवाय, ४ पिनांसकट वीज दिली. पंखा फिरतो, थांबत नाही. करडी तार वर आली. बंद केलं, सीपीयू बसवला, थर्मल पेस्ट, पंखा (खालून बोर्डाला हाताचा आधार देऊन, खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून). रॅम मुद्दाम बसवली नाही. पुढच्या पॅनेलच्या पिनांना छोटा स्पीकर लावला आणि बटण दाबलं.

बीप.

रॅमशिवाय बोर्डाने बीप द्यावा यासाठी काय काय धड असावं लागतं, ते लिहून ठेवते. करडी तार वर आली, पीसीएचने सीपीयूला रीसेटमधून सोडलं. सीपीयू उठल्यावर पहिला आदेश ४ गिगाबाइटच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावर शोधतो. त्या पत्त्यावर रॅम नसते, पीसीएच ती मागणी बायोसच्या (सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या) चिपकडे वळवतो. ही आठ पायांची चिप, ६४ मेगाबिट, म्हणजे ८ मेगाबाइट. तिच्यातला प्रोग्रॅम चालू झाला, त्याने रॅम शोधली, सापडली नाही, तक्रार केली. म्हणजे वीजघर, ठोके, सीपीयू, पीसीएच आणि बायोस सगळे कामाला लागलेत. इतका आनंद मला कुठल्याही स्क्रीनने दिलेला नाही.

१६ जून

रॅम पहिल्या स्लॉटमध्ये: बीप नाही, स्क्रीनही नाही. खोडरबरने रॅमचे सोनेरी पाय पुसले, तेच. दुसरी पट्टी, तेच. पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली आणि मॉनिटरवर बायोसचं पान आलं.

(मॉनिटर बोर्डाच्याच तोंडाला लावला आहे. ग्राफिक्स सीपीयूत आहे, चित्र तिथून पीसीएचकडे जाऊन मग मागच्या तोंडातून बाहेर पडतं. पोटात ग्राफिक्स नसलेला सीपीयू बसवला असता तर हे तोंड मुकंच राहिलं असतं.)

दोन स्लॉट म्हणजे दोन स्वतंत्र चॅनेल, प्रत्येकी ६४ बिटांचे. पहिलं चॅनेल मेलंय. स्लॉट भिंगाखाली पाहिला, स्वच्छ. मग ट्रॅक बघत गेले. स्लॉट आणि सॉकेटच्या मध्ये तांब्याच्या रेघा सरळ न जाता नागमोडी का जातात, हे मला आधीपासून छळत होतं. बोर्डात संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेमी जातो. डीडीआर३-१३३३ मध्ये एक बिट पाऊण नॅनोसेकंद टिकतो, म्हणजे तेवढ्यात संकेत जेमतेम ११ सेमी पुढे सरकतो. एक रेघ सेंटीमीटरभर जास्त लांब असली तरी तिचा बिट बाकीच्यांच्या मागे पडतो. म्हणून जवळच्या रेघांना मुद्दाम वळणं देऊन लांबच्यांच्या बरोबरीला आणतात. सजावट नाही ती.

ट्रॅकवर ओरखडा नाही. उरलं सॉकेट.

१७ जून

रॅमचा कंट्रोलर सीपीयूत आहे, तेव्हा स्लॉट मेला वाटला तरी दुखणं सॉकेटमध्ये असू शकतं. एलजीएमध्ये पिना सॉकेटला असतात, सीपीयूला नुसत्या सपाट टिकल्या. इथे १,१५५ पिना. टॉर्च आडवा धरून बघितलं. सगळ्या पिना एका दिशेला झुकलेल्या, ज्वारीच्या शेतावरून वारा जावा तशा. एका जागी ती ओळ मोडलेली. एक पीन उलटी, शेजारणीवर रेललेली.

शिवणाच्या सुईने सरळ करायला गेले. पहिला प्रयत्न थोडा, दुसरा आणखी थोडा. तिसऱ्याला टोक तुटून बाहेर आलं.

धाकटा काही बोलला नाही, ते बरं केलं त्याने. खरं म्हणजे ती एकदा वाकून परत उठवलेली असणार, धातू आधीच थकलेला. तरी दुसऱ्या प्रयत्नानंतर थांबून सीपीयू बसवून बघायला हवं होतं. कदाचित तेवढ्याने टेकली असती.

१९ जून

दुसऱ्या स्लॉटवर ४ गिगाबाइटची एक पट्टी, रात्रभर मेमरी टेस्ट. एकही चूक नाही. एका चॅनेलवर सेकंदाला १०.६ गिगाबाइटची कमाल गती, दोन्ही असती तर दुप्पट. घरगुती कामाला पुरे.

साटाची चारही तोंडं डिस्क लावून तपासली, चारही चालतात. हे मुद्दाम केलं, कारण इंटेलच्या याच ६ मालिकेतल्या सुरुवातीच्या चिपसेटांमध्ये साटाच्या काही पोर्टांचा दोष होता, वापरता वापरता ती मंद होत जायची. इंटेलने तो जानेवारी २०११ मध्ये जाहीर करून चिप सुधारली होती. लॅन चालू, ऑडिओ चालू. ऑडिओच्या चिपभोवती बोर्डात एक पिवळसर रेघ आहे, तिथे तांबं कापलेलं आहे, डिजिटल वाटांचा गोंगाट आवाजाच्या ग्राउंडमध्ये शिरू नये म्हणून. यूएसबीची दोन तोंडं सैल. गंज नाही, नुसती सैल. असू देत.

२१ जून

नवा नकाशा झाला. यात नावांच्या आधी आकडे आहेत: १ जांभळी तार, २ घड्याळाचं स्फटिक, ३ सुपर आयओ, ४ पीसीएच, ५ हिरवी तार, ६ एसएमपीएसच्या मोठ्या तारा, ७ व्हीआरएम, ८ करडी तार, ९ ठोके, १० रीसेट सुटणं, ११ सीपीयू, १२ बायोसची चिप, १३ रॅम, आणि मग बाकी सगळे. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटला, ज्याच्याकडे बोर्ड घेताना सगळे आधी बघतात, पंधरावा आकडा मिळाला. साटाला सोळावा.

पहिला, लाल पेनाचा कागदही फाडला नाही. त्यावर नॉर्थब्रिज खोडलेलं आहे.

पहिल्या स्लॉटवर कागदी पट्टी चिकटवली: ‘बंद. सॉकेटची पीन तुटली, १७ जून’. पुढे कुणी दुसरी रॅम घालायला गेला तर त्याचा दिवस वाया जायला नको. पिनेचं टोक सेलोटेपने या पानावर लावलं आहे, खाली उजव्या कोपऱ्यात. भिंगाशिवाय दिसत नाही.